जीभ बाहेर काढा, अजून, अजून

दाताच्या दवाखान्यात जिभेची तक्रार घेऊन सरळ कुणी येत नाही. आधी दाढ दाखवतात, पैसे देतात, चपला पायात सरकवतात आणि मग दारातून मागं वळून विचारतात, "बाई, तेवढी जीभ बघता का?" या 'तेवढी'च्या मागं बऱ्याच रात्रींची झोप उडालेली असते. आरशासमोर मोबाइलची टॉर्च लावून घसा बघून झालेला असतो. फोटो काढून मेव्हण्याला पाठवलेला असतो, आणि मेव्हण्यानं 'एकदा बार्शीला दाखवून घ्या' असं लिहून उरलासुरला धीरही घालवलेला असतो. आमच्या भागात 'बार्शीला दाखवा' याचा एकच अर्थ होतो. तिथं कॅन्सरचं हॉस्पिटल आहे.

मी कुर्डुवाडीत दाताची डॉक्टर आहे. शिकले ते दाताबद्दल, पण दवाखान्यात बसायला लागल्यापासून जिभा इतक्या बघितल्या की आता माणूस बोलत असतानाही माझी नजर तिकडंच जाते. लग्नाच्या पंगतीत समोरच्या बाईंनी मठ्ठा पिऊन ओठ चाटले तरी मी जिभेची कड बघून घेते. नवरा म्हणतो, लोकांच्या डोळ्यात बघून बोलत जा.

तर आधी त्या टॉर्चवाल्यांबद्दल. सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट सगळ्यांच्याच तोंडात असते. जीभ पूर्ण बाहेर काढली तर अगदी मागं, घशाच्या तोंडाशी, गोल चपट्या गाठींची एक रांग दिसते. इंग्रजी व्ही अक्षरासारखी मांडणी, साधारण ८ ते १२ गाठी. या चवीच्या गाठी. त्या जन्मापासून तिथंच असतात, आपण मात्र चाळिशीत घसा दुखला म्हणून पहिल्यांदा तिकडं बघतो आणि हबकतो. जिभेच्या दोन्ही कडांना, मागच्या बाजूला, उभ्या घड्या आणि लालसर फुगवटे असतात. तेही मूळचेच. सर्दी-खोकल्यात ते जरा सुजतात.

एक एसटीचे ड्रायव्हर असेच आले होते. माणूस धिप्पाड, पण खुर्चीत बसल्यावर हात थरथरत होते. मी बघितलं, सांगितलं की काही नाही, सगळ्यांना असतं. त्यांना पटेना. मग बरोबर आलेल्या बायकोला दुसऱ्या खुर्चीत बसवलं, तिला आ करायला लावलं आणि त्यांच्या हातात आरसा दिला. "दिसल्या का? वहिनींनाही आहेत." त्यांनी नीट बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग हिलाबी न्यायची का बार्शीला?"

जीभ गुलाबी असते असं आपण म्हणतो, पण एकसारखी गुलाबी जीभ फक्त दाताच्या जाहिरातीत असते. जिभेच्या पाठीवर बारीक तंतूंचं गालिच्यासारखं आवरण असतं. या तंतूंना चव कळत नाही, त्यांचं काम खरखरीतपणाचं. त्यांच्यामधे लाल ठिपक्यांसारखे जे उठून दिसतात ते चवीचे. तंतूंची टोकं कातडीसारखी झिजत असतात, नवी येत असतात. झडलेल्या पेशी, अन्नाचे कण, लाळ आणि जंतू मिळून त्यावर पांढरट साय धरते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याचं तर पार कोरडं पडतं, म्हणून सकाळी ही साय जाड आणि तोंडाला वास. वास येतो तो जिभेच्या मागच्या भागातून. तिथं हवा न लागणारे जंतू राहतात आणि ते गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्याच्या वासात जो वायू असतो तोच. ताप, उपवास, पाणी कमी, तोंडानं श्वास, यात साय वाढते. "पोट साफ नाही म्हणून जीभ पांढरी" असं घरोघरी सांगतात. प्रत्यक्षात ताप आलेला माणूस जेवत नाही, पाणी पीत नाही, चावत नाही, म्हणून जीभ घासली जात नाही आणि पोटही साफ होत नाही. दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर.

रंग दिसला की पहिला प्रश्न मी आजाराचा विचारत नाही, खाण्याचा विचारते. उन्हाळ्यात मुलं निळ्या-जांभळ्या जिभा घेऊन येतात, आई रडकुंडीला आलेली. शाळेबाहेरच्या गाड्यावर काला खट्टा मिळतो हे पोराला माहीत असतं, पण आईसमोर बोलायची सोय नसते. जांभळांच्या दिवसांत तर विचारूच नका. रक्तवाढीच्या लोहाच्या औषधानं जीभ आणि दात दोन्ही काळपट होतात. पातळ औषध असेल तर ते स्ट्रॉनं घ्यायचं आणि नंतर चूळ भरायची, एवढाच त्यावर उपाय. गोळी बंद करायची नाही. गरोदर बायका मात्र नेमकी तीच बंद करतात, कारण सासू म्हणते, गोळीनं तोंड काळं झालं तर बाळ काळं होईल.

रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक आजोबा सुनेबरोबर आले होते. सुनेनंच बोलायला सुरुवात केली. "मामांच्या जिभंवर केस उगवलेत." मला वाटलं, जेवणातला केस अडकला असेल. आजोबांनी जीभ काढली आणि खरंच, मधोमध काळी-तपकिरी लव. झुकून बघितलं तर तंतू वाढून एका दिशेला आडवे पडलेले, प्रोबच्या, म्हणजे दात तपासायच्या बारीक सळईच्या, टोकानं सरळ केले की उभे राहत होते. घरात तोवर करणीपर्यंत विषय गेला होता, लिंबू उतरवून झालं होतं. मी विचारलं, गेल्या महिन्यात काय आजारपण झालं? न्यूमोनिया. ॲन्टिबायोटिकचे जोरदार डोस, नंतर नुसती पेज आणि कोरा चहा, आणि बरं वाटायला लागल्याबरोबर बिडी.

याचं गणित सरळ आहे. जे तंतू एरवी एक मिलिमीटरही नसतात ते झडलेच नाहीत तर वाढत जातात, कधी कधी सेंटीमीटरच्या वर. पेजेनं जीभ घासली जात नाही. ॲन्टिबायोटिकनं तोंडातल्या जंतूंचा समतोल बिघडतो आणि रंग सोडणाऱ्या जंतूंना मोकळं रान मिळतं. चहा आणि बिडी वरून रंग चढवतात. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. मी औषध लिहून दिलं नाही. मऊ ब्रशनं दिवसातून दोनदा जीभ घासा, बिडी बंद, पाणी भरपूर, आणि कडक भाकरी खा. ज्वारीच्या कडक पापुद्र्यानं जीभ जेवढी साफ होते तेवढी पेज-भातानं होत नाही. आजोबांना भाकरीचा सल्ला फार आवडला, बिडीचा नाही. पुढच्या खेपेला आले तेव्हा जीभ स्वच्छ होती आणि शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल होतं.

दुसरी काळी जीभ मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. परांड्याकडची मुलगी, बी.कॉम. झालेली, आईनं हाताला धरून आणलेली. जिभेच्या टोकाला आणि कडांना तपकिरी-काळे बारीक ठिपके, मोहरी टेकवून ठेवावी तसे, प्रत्येक ठिपका एकेका चवीच्या उंचवट्यावर नेमका बसलेला. दुखत नाही, खुपत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाच्या मावशीनं ते बघितले आणि निरोप आला की मुलगी काळ्या जिभेची आहे, बोललेलं खरं होतं, नको. आई मला विचारत होती, लेझरनं जातील का.

घालवायचं कारणच नाही. आपली कातडी सावळी, हिरड्यांवर काळसर पट्टे असतात, ओठ गडद असतात, तसेच हे ठिपके. कातडीला रंग देणारं द्रव्यच इथंही असतं. सावळ्या लोकांत हे सर्रास दिसतं, बऱ्याचदा वयात येताना लक्षात येतं. मी आईला हे सगळं समजावलं. आई म्हणाली, "मला कळलं ओ, पर त्यास्नी कोण सांगणार? तुम्ही लिहून द्या." मग मी लेटरहेडवर लिहून दिलं की जिभेवरील ठिपके नैसर्गिक रंगद्रव्याचे असून कोणताही आजार नाही. सही, शिक्का. दात काढल्याचं, शाळेचं, नोकरीचं प्रमाणपत्र मी दिलंय, पण जीभ निर्दोष असल्याचं पहिल्यांदाच. शिक्का मारताना मला राग आला होता. मुलगी तोवर गप्प होती. जाताना एवढंच म्हणाली, "मॅडम, माझं बोललेलं खरं होत असतं ना, तर ती मावशी आत्ता घरी धड बसली नसती."

यात एक अपवाद सांगून ठेवते. एकच काळा डाग नव्यानं आलाय, वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, तर तो दाखवायचा. किंवा तोंडात, हिरड्यांवर, हाताच्या रेषांत एकदम काळेपणा वाढला आणि अंगात ताकद नाही, तर फिजिशियनकडं जायचं. लहानपणापासूनचे सारखे ठिपके सोडून द्यायचे.

नकाशाची जीभ हा अजून एक प्रकार, आणि तो आला की मला खरं तर मजा वाटते. जिभेवर लाल गुळगुळीत ठिगळं, भोवती पांढरी किनार, आणि आठवड्यानं बघावं तर ठिगळं दुसरीकडं सरकलेली. शंभरात एक ते तीन जणांना असते. त्या जागचे तंतू तात्पुरते झडतात, पुन्हा येतात. तिखट खाल्लं की चुरचुरतं, एवढाच त्रास. आमच्याकडं तिखट न खाणं हा आजारापेक्षा मोठा त्रास, ते सोडा. एका मुलाला आईनं या ठिगळांसाठी तीनदा जंताचं औषध पाजलं होतं. जंत जिभेवर नकाशे काढत नाहीत, असं मी म्हटल्यावर मुलगा आईकडं असा बघत होता की मला हसू आवरेना.

आता लाल जीभ. ही जरा गंभीरपणे घ्यायची. साय नाही, तंतू नाहीत, चकचकीत गुळगुळीत, मांसासारखी लाल, कडेला दातांचे ठसे. "गरम चहासुद्धा सोसत नाही" असं सांगणारी माणसं बहुतेक पन्नाशी ओलांडलेली, शाकाहारी, आणि बऱ्याच जणांना मधुमेह, त्यासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू. मेटफॉर्मिननं बी-१२ शरीरात कमी शोषलं जातं, आणि शाकाहारात मुळात तेवढंच दूधदुभत्यातून मिळणारं. मी इथं माउथवॉश देत नाही, चिठ्ठी देते. हिमोग्लोबिन, बी-१२ तपासा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. एक प्राथमिक शाळेच्या बाई जिभेची आग होते म्हणून चार ठिकाणी जेल लावून आल्या होत्या. मी सहज विचारलं, पायाला मुंग्या येतात का? त्या चमकल्या. "तुम्हाला कसं कळलं?" ज्या कमतरतेनं जीभ गुळगुळीत होते तीच नसांनाही धरते. तोंड वारंवार येत असेल तरीही हेच बघायचं. दरवेळी 'उष्णता वाढली' म्हणून गुलकंद खात बसू नये. गुलकंद छान असतो, पण त्यात बी-१२ नसतं.

पांढऱ्यातही भेद आहेत. दही लावल्यासारखे पांढरे थर, आणि ते गॉजनं, म्हणजे जखमेला लावतात त्या जाळीच्या कापडानं, पुसले की निघतात, खाली लाल चुरचुरीत जागा उरते, तर ती बुरशी. दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारे, रात्री कवळी तोंडातच ठेवून झोपणारे, साखर वाढलेली असूनही पेढ्याला नाही न म्हणणारे, यांच्यात ती हमखास. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं. कवळी रात्री काढून, ब्रशनं घासून, पाण्यात ठेवायची. आमचे आजोबा लोक कवळी काढायला लाजतात, कारण सकाळी दूधवाला आला तर बोलायचं कसं.

जो पांढरा डाग गॉजनं पुसून निघत नाही, त्याबद्दल मला इतकं सगळं लिहायचं होतं. गंमत म्हणा नाहीतर काय म्हणा, निघून जाणाऱ्या रंगाला लोक घाबरतात आणि न निघणारा डाग बाळगतात. तो दुखत नाही, म्हणून त्याच्यासाठी उंबऱ्यातून मागं वळून कुणी विचारत नाही.

आमच्या भागातल्या बायकांची मिसरी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. भाजताना घरभर असा उग्र धूर होतो की शेजारची बाईही खोकत येते, आणि खोकत खोकत चिमूटभर मागून नेते. डबी कमरेला किंवा कनवटीला. सकाळी बोटावर घेऊन दातांना चोळायची, आणि मग तास-दीड तास तोंडात तशीच. शेण काढणं, अंगण झाडणं, चूल पेटवणं, सगळं मिसरी तोंडात धरून. मधे बोलायचं नाही, मान हलवायची. नंतर दुपारी एकदा, रात्री एकदा. "मिसरी लावल्याबिगर परसाकडला होत न्हाय" हे मी इतक्या आज्ज्यांकडून ऐकलंय की आता त्यांच्याआधी मीच म्हणते. त्यात खोटं काही नाही, निकोटिननं आतड्याला चालना मिळते. पण म्हणून ते दंतमंजन होत नाही. दाताच्या पेस्टमध्ये आणि पावडरमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यावर कोण जाऊन बघणार?

मिसरीवाल्या आज्जीचं तोंड बघायची पद्धत अशी. जिभेचं टोक गॉजमध्ये धरायचं, नाहीतर ती निसटते, हलकेच एका बाजूला ओढायची आणि आरशानं कड बघायची. मग दुसरी बाजू. जीभ टाळूला लावायला सांगून जिभेखालची जागा बघायची. मग खालचा ओठ आणि गाल बाहेर ओढून हिरडीच्या मुळाची खोबण. मिसरी, तंबाखू, मावा (सुपारी-तंबाखू-चुना मळून केलेला) जिथं धरतात ती हीच जागा, आणि डाग तिथंच असतो, सुरकुतलेला, भिजलेल्या कातड्यासारखा पांढरट. गॉज फिरवते. निघत नाही. पुन्हा फिरवते, जरा जोरात. तेवढ्या वेळात आज्जींनी माझा चेहरा वाचलेला असतो. "काय हाय का गं?"

प्रत्येक पांढरा डाग कॅन्सर नसतो. बहुतेक नसतात. तंबाखू बंद केली की काही डाग आठवड्यांत फिके पडतात. पण काही पुढं जातात, आणि कुठला जाईल हे नुसतं बघून मलाच काय, कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हणून तुकडा तपासायला पाठवावा लागतो. लाल मखमली डाग असेल किंवा पांढऱ्यात लाल मिसळलेलं असेल तर मी थांबतच नाही, तो पांढऱ्याहून जास्त धोक्याचा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड किंवा जखम, जिभेच्या कडेला बोटाला लागणारा घट्टपणा, मानेत गाठ, यांचं तसंच. तुटक्या दाढेची धार जिभेला घासत असेल तर ती धार मी आधी गुळगुळीत करते, दोन आठवडे वाट बघते. भरलं तर ठीक. नाही भरलं तर चिठ्ठी.

चिठ्ठीवर बार्शी लिहिलं की घरात रडारड सुरू होते. मला त्याचं वाईट वाटतं, कारण हे गाव उलट आमचं नशीब आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. परांडा, भूम, बार्शीच्या गावागावांतून माणसं फिरली, लोकांना लक्षणं सांगितली, नोंदी ठेवल्या. मुंबईला परळला जाऊन फुटपाथवर झोपण्याऐवजी सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. लवकर गेलेला माणूस परत येतो, भाकरी खातो. उशिरा गेलेल्यांवरून गावाचं नाव पडलंय.

पोरांची गोष्ट वेगळी. ती मिसरीला हसतात आणि स्वतः मावा मळतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुडी मात्र कुठल्याही टपरीवर नजरेच्या खुणेनं मिळते. कॉलेजातला पोरगा अक्कलदाढ दाखवायला येतो आणि तोंड उघडत नाही. त्याला वाटतं दाढेमुळं. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमधे घालायला सांगते, दोनच जातात. जीभ बाहेर काढ म्हटलं तर ओठापलीकडं येत नाही, फिकी आणि गुळगुळीत. गाल आतून दोरीसारखे ताठर. ही सुपारीची करणी. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलेली आहे, तंबाखू नसली तरी. पहिलं लक्षण म्हणजे तिखट झोंबायला लागणं. ताठरलेलं पूर्ववत होत नाही, सोडलं तर निदान वाढायचं थांबण्याची शक्यता. वीस-बावीस वर्षांची पोरं असतात. आई बाहेर बाकावर बसलेली असते आणि पोरगा खुणेनं सांगतो, तिला सांगू नका.

असो. स्वच्छतेचं सगळे विचारतात, ते लिहून टाकते.

जीभ घासायची पद्धत मला कुणाला शिकवावी लागत नाही, आवाज कमी करायला शिकवावा लागतो. आमच्या लहानपणी वाड्यात सकाळी मोरीतून जे ओकाऱ्यांचे सूर निघत त्यावरून कुठले काका उठले ते कळायचं. दोन बोटं घशात घालून खाकरलं म्हणजे पित्त पडतं अशी ठाम श्रद्धा. बोटं घालू नका. घशाला इजा होते, आणि वर येणाऱ्या आम्लानं दात झिजतात. टंग क्लीनर मागून पुढं हलक्या हातानं तीन-चार वेळा ओढा, दरवेळी धुवा. मळमळत असेल तर श्वास सोडत ओढा आणि पहिल्या दिवशी अर्ध्यातूनच सुरू करा. रक्त येईस्तोवर खरवडणारेही येतात. ती काही करपलेली कढई नाही.

तांब्याचा घ्यावा की स्टीलचा, हा प्रश्न तर रोजचा. चरकसंहितेत सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ इतके पर्याय दिलेत, आणि अट काय, तर धारदार नसावा आणि वाकवलेला असावा. मला ही अट फार पटते. बाजारात मिळणाऱ्या काही पातळ पट्ट्यांच्या कडा बोटाला लागतात, त्या जिभेला लावू नका.

पेस्ट फ्लोराइडची, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास. वाटाण्याएवढी पुरते, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रशभर लाटेसारखी पेस्ट जाहिरातवाल्यांची, कारण ट्यूब लवकर संपावी. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं म्हटलं की पेशंट माझ्याकडं दयेनं बघतात. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळाखळा चुळा भरून फ्लोराइड वाहून घालवू नका, असं सांगितलं तर एक मावशी म्हणाल्या, "चूळ भरल्याबिगर देवाचं नाव कसं घ्यावं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, रात्री नका भरू, सकाळी भरा. तडजोड झाली.

राखुंडी, कोळशाची पावडर, मीठ-लिंबू, सोडा यांनी दात पांढरे वाटतात, कारण खरवडले जातात. वरचं पांढरं झिजलं की आतला पिवळा थर वर येतो आणि मग माणूस अजून जोरात घासतो. कडुलिंबाची काडी वाईट नाही, नीट चावून मऊ कुंचला केला आणि हिरडीला रक्त आणलं नाही तर. पण जीभ काडीच्या चिरेनं खरवडू नये.

माउथवॉशचं तर सांगायलाच हवं, कारण जीभ तपकिरी होण्याचं कारण कधी कधी मी स्वतःच लिहून दिलेली बाटली असते. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश हिरडीच्या उपचारानंतर आम्ही देतो. तो दोन आठवड्यांसाठी असतो. जास्त दिवस वापरला, वर चहा प्यायला, की दात-जीभ तपकिरी आणि चव बिघडलेली. चिठ्ठीवर मी दिवस लिहिते, पण लोकांना वास आवडतो, मेडिकलवाला देतो, महिनोन् महिने चालू राहतं. दातांवरचे डाग स्केलिंगनं, म्हणजे दवाखान्यात मशीननं दात साफ करून, निघतात. पेस्ट लावल्यावर लगेच वापरलात तर त्याचा असरही कमी होतो, अर्धा तास जाऊ द्या.

आणि तोंडाच्या वासासाठी बडीशेप-वेलदोडा जरूर खा, लवंग चघळा, मलाही आवडते. पण वास महिनाभर हटत नसेल तर हिरड्या दाखवा. बहुतेकांच्या दातांमागं किटणाचा थर असतो, तो टंग क्लीनरनं निघत नाही, त्यासाठी खुर्चीतच यावं लागतं. स्केलिंगनं दात हलायला लागतात म्हणून ते करत नाही असं सांगणारे असतात. दात आधीच हलत असतात, किटणानं ते धरून ठेवलेले असतात, एवढंच.

येताना लिपस्टिक, पान, चहा टाळून या, आणि निघताना दारात विचारायचं ते खुर्चीतच विचारा. तिथं दिवा असतो.